चित्रं आली, वस्ती सुधारली? (ससून डॉक, लालबाग आणि तालमीची जागा)

गल्लीबोळ

परवा कुलाब्याला काम होतं. ते लवकर आटपलं म्हणून ससून डॉकच्या दाराशी जरा रेंगाळलो. सकाळचे साडेदहा म्हणजे तिथला बाजार केव्हाच उठलेला, त्यामुळे आत गेलो नाही. पण २०१७ आठवलं. त्या वर्षी नोव्हेंबर-डिसेंबरात भिंतीवरच्या, रस्त्यावरच्या कलेसाठी काम करणाऱ्या स्टार्ट इंडिया या संस्थेने गोदीतल्या जुन्या गोदामांत मोठं कलाप्रदर्शन भरवलं होतं, प्रवेश फुकट. मी तीनदा गेलो होतो. एका दालनात डोक्यावर प्लास्टिकच्या कचऱ्याचा समुद्र टांगलेला होता, त्याच्याखालून पाण्यात बुडाल्यासारखं चालायचं. बाहेर भिंतीवर तिथल्याच माणसांचे भलेमोठे काळेपांढरे चेहरे.

गोदी १८७५ सालची. आधी कापसासाठी, मग मासळीसाठी. एरवी तिथे 'फोटो काढण्यास मनाई' अशी पाटी. प्रदर्शनाच्या दिवसांत मात्र पाटीखाली उभं राहून लोक सेल्फी काढत होते. माझ्यापुढच्या दोन मुलींनी नाकाला ओढणी बांधली होती आणि एक दुसरीला म्हणत होती, "अगं, हे किती रिअल आहे ना!"

तर धाग्याचा विषय. "कलेतून परिसराचा कायापालट" हे वाक्य हल्ली प्रत्येक भाषणात असतं. भिंती रंगवा, महोत्सव भरवा, पडीक गिरणीत गॅलरी काढा, की वस्ती उभारी धरते म्हणे. धरते का? कोणाची? गूगलवरची जागतिक उदाहरणं नकोत. आपापल्या गल्लीत काय झालं ते सांगा.

वाचकमात्र

जागा पकडून ठेवतो. चहा टाकलाय.

नाखवा

गल्लीबोळ, त्या भिंतीवर माझ्या मावशीची शेजारीण होती. मावशी आणि ती दोघी डॉकवर कोळंबी सोलायला बसायच्या, पहाटे चारपासून. बर्फातली कोळंबी असते ती, तासाभरात बोटं बधिर होतात. सोलणाऱ्या सगळ्या कोळणीच असतात असं शहरातल्यांना वाटतं. तसं नाही, बंजारा बायका खूप आहेत.

शेजारणीला मी विचारलं होतं, कसं वाटतं एवढा मोठा फोटो बघून. ती म्हणाली, "चांगला हाय. फोटू दोन माळ्यांचा झाला, पण बसायला सावली तेवढीच."

मी प्रदर्शनाच्या विरोधात नाही. आमच्या घरची पोरं वर्गात "डॉकवर राहतो" म्हणायला लाजायची. त्या दोन महिन्यांत वर्गातल्या पोरांना घेऊन आली, रुबाबात फिरवलं. हे कमी नाही. पण बायकांची मागणी तेव्हाही तीच होती आणि आजही तीच आहे: पाणी, संडास, वर छप्पर. २०२२-२३ मध्ये पुन्हा तिथे कला महोत्सव झाला. तेव्हाही गर्दी भरपूर, सावली तेवढीच.

रंगारी_बदक

मी भिंती रंगवून पोट भरतो, म्हणजे आरोपीच समजा.

एक किस्सा. नाव-गाव देत नाही. एका जुन्या वस्तीत चार माळ्यांची भिंत रंगवायला मिळाली. पैसे एका मोठ्या कंपनीच्या सीएसआरचे, म्हणजे समाजकार्यासाठी काढून ठेवलेले. परांची बांधली, वर चढलो, भिंतीला हात लावला तर ओली. आतून सांडपाण्याचा पाइप गळत होता. वर्षानुवर्षांचे पोपडे, एका ठिकाणी पिंपळ. मी खाली उतरून सांगितलं, आधी पाइप बदला, प्लास्टर करा, दोन महिने सुकू द्या, मग प्रायमर. समोरचा म्हणाला, पाइप बजेटमध्ये नाही आणि उद्घाटन सव्वीस जानेवारीला आहे.

रंगवली. नाचणारा मोर आणि पाटी-दप्तर घेतलेली मुलगी (मोर आणि मुलगी यांच्याशिवाय आपल्याकडे भिंत पास होत नाही). जुलैमध्ये मुलीचा गाल सुटला, ऑगस्टमध्ये मोराची मान. तळमजल्यावरच्या आजी मला म्हणाल्या, "बाळा, चित्र छान होतं रे. पण त्याच पैशात नळीचं काम झालं असतं ना?"

तेव्हापासून मी कोटेशनमध्ये वॉटरप्रूफिंगची ओळ वेगळी लिहितो. दहातले सात जण तीच ओळ खोडतात.

दूरदेशी

जागतिक उदाहरण नको म्हणालात, तरी एक देतोच. मी चार वर्षं स्पेनमधल्या बिल्बाओत राहिलोय, म्हणजे ही माझी गल्लीच.

तिकडचं गुगेनहाइम संग्रहालय १९९७ ला उघडलं. फ्रँक गेरीची टायटेनियमची इमारत, बाहेर फुलांचं महाकाय कुत्रं. तेव्हापासून जगभरचे महापौर "आम्हालाही एक द्या" म्हणत फिरतात. एका इमारतीने मेलेलं शहर उठवलं, अशी ती गोष्ट.

तिथले म्हातारे ही गोष्ट अशी सांगत नाहीत. त्यांची सुरुवात १९८३ च्या ऑगस्टपासून होते. शहराची जत्रा चालू असताना महापूर आला आणि जुनं गाव बुडालं. त्याच दशकात पोलाद आणि जहाजबांधणी बसली, एउस्काल्दुना नावाचा मोठा जहाज कारखाना बंद पडला, कामगार आणि पोलिसांच्या रस्त्यावर चकमकी झाल्या. नदी म्हणजे उघडं गटार. मग वर्षानुवर्षं सांडपाण्याच्या वाहिन्या आणि शुद्धीकरण केंद्रांवर पैसा ओतला गेला. १९९२ मध्ये नदीकाठच्या जमिनींसाठी सरकारी संस्थांनी मिळून एक कंपनी काढली. नॉर्मन फॉस्टरने आखलेली मेट्रो १९९५ ला सुरू झाली. संग्रहालय या सगळ्यानंतर आलं. फोटोत मात्र तेवढंच येतं, कारण गटाराचा फोटो कोण काढणार?

रंगारी, तुमचा पाइप बजेटमध्ये धरला असता तर तुमचा मोरही आज गुगेनहाइम असता.

रंगारी_बदक

=)) मोराला कळवतो.

ताकभात

इतकंही निराशाजनक नाही हो. काळा घोडा बघा.

ज्या पुतळ्यावरून नाव पडलं तो सातव्या एडवर्डचा, १८७९ मध्ये बसवलेला. १९६५ ला तो हलवून भायखळ्याच्या राणीच्या बागेत नेला. म्हणजे तीसेक वर्षं चौकाला घोड्याचं नाव, आणि जागेवर पार्किंग. जहांगीर आर्ट गॅलरी १९५२ पासून होतीच, १९९६ ला कावसजी जहांगीर हॉलमध्ये आधुनिक कलेचं राष्ट्रीय दालन आलं. १९९८ मध्ये तिथल्या लोकांनी काळा घोडा असोसिएशन काढली, पुढल्या वर्षी महोत्सव सुरू झाला.

महोत्सवातल्या भाऊगर्दीवर मीही नाक मुरडतो. टाकाऊ डब्यांच्या घुबडासमोर चाळीस मिनिटांची रांग लावण्यात काय अर्थ आहे, मला आजवर कळलेलं नाही. पण महोत्सवाच्या आडून परिसरातल्या जुन्या इमारतींच्या डागडुजीकडे लक्ष आणि पैसा वळला, हे मान्य करायलाच हवं. फुटपाथवर चित्रं मांडून बसणारेही आपल्या जागी राहिले. २०१७ ला घोडासुद्धा परत आला, नवा, पाठीवर राजा नसलेला. हे मला फार आवडलं.

आणि भायखळ्याचं भाऊ दाजी लाड संग्रहालय! १८७२ ची इमारत, माझ्या लहानपणी तिथे धूळ आणि एक पेंगणारा शिपाई होता. २००३ मध्ये पालिका, इन्टॅक (वारसा जपणारी संस्था) आणि जमनालाल बजाज फाउंडेशन यांचा करार झाला, २००८ ला संग्रहालय पुन्हा उघडलं. मधल्या काळात युनेस्कोचा पुरस्कारही मिळाला. मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते हे, की तिकीट दहा रुपये ठेवलं होतं. रविवारी राणीच्या बागेत हत्ती बघायला आलेली कुटुंबं टिफिनच्या पिशवीसकट आत यायची. जुन्या मुंबईच्या नकाशापुढे उभा राहून एक गृहस्थ मुलाला "हे बघ, इथे आपली खाडी होती" असं सांगत होते, ते अजून डोळ्यासमोर आहे.

एफएसआय_आजोबा

ताकभात, उदाहरणं चांगली आहेत, पण दोन्ही ठिकाणी उठवायला माणसंच नव्हती. एकीकडे कचेऱ्या, कॉलेज आणि कोर्ट, दुसरीकडे बाग. खरी परीक्षा गिरणगावात होती.

इंग्रजी पुस्तकांतला सिद्धांत असा: पडक्या भागात स्वस्त भाडं म्हणून कलावंत येतात, त्यांच्यामागे कॅफे, कॅफेमागे पैसेवाले, मग भाडी वाढतात आणि जुने लोक, शेवटी कलावंतसुद्धा, बाहेर. न्यूयॉर्कच्या सोहोत असंच झालं. आपले तरुण अभ्यासक हा साचा उचलून लोअर परळवर ठेवतात. तो बसत नाही.

का? आपल्या चाळीत पागडी, म्हणजे सुरुवातीला एकरकमी पैसे देऊन पिढ्यान्‌पिढ्या भाडेकरू. भाडेनियंत्रणामुळे महिना पन्नास-शंभर रुपये भाडं, आणि ते वाढलं तरी नावापुरतंच. शेजारी कितीही कॉफी शॉप निघाली तरी मालक भाडं वाढवून तुम्हाला काढू शकत नाही. आपल्याकडे माणसं हलतात ती भाड्यामुळे नव्हे, एफएसआयमुळे, म्हणजे जमिनीच्या तुकड्यावर किती बांधकाम करता येईल त्या मापामुळे.

क्रम बघा. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार. गिरण्या पुन्हा धड उभ्या राहिल्याच नाहीत. १९९१ च्या विकास नियमावलीत कलम ५८ आलं: गिरणीची जमीन विकसित केली तर एक तृतीयांश पालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी, उरलेली मालकाला. सुमारे सहाशे एकर जमीन, म्हणजे शहराच्या मधोमध बागा आणि घरं मिळाली असती. २००१ मध्ये एक दुरुस्ती झाली, की ही वाटणी फक्त आधीच रिकाम्या असलेल्या जागेपुरती, इमारतींखालच्या जमिनीला लागू नाही. गिरणी म्हणजे जवळजवळ सगळी इमारतच! वाटणीला उरलं ताटातलं लोणचं. कोर्टकचेऱ्या झाल्या, २००६ ला सर्वोच्च न्यायालयाने दुरुस्ती कायम केली.

या गोष्टीत कलावंत कुठे आहे? नाही. तो नंतर आला. मॉलच्या आवारात जुनी चिमणी ठेवली, कमला मिल, मथुरादास मिलमध्ये स्टुडिओ आणि गाण्याचे अड्डे निघाले. त्यांना दोष देणं म्हणजे लग्न मोडलं म्हणून बँडवाल्याला धरण्यासारखं आहे.

साडेतीन

आजोबांशी सहमत. पण आता कोणीतरी येऊन "काय तो गिरणगावाचा सांस्कृतिक ठेवा" सुरू करेल, त्याआधी माझं ऐका.

माझे वडील कार्डिंग खात्यात होते. घरी आले की केसांत, भुवयांत कापूस. रात्रभर खोकायचे, सोमवारी सगळ्यात जास्त. त्या खोकल्याला डॉक्टरी भाषेत नाव आहे हे मला वडील गेल्यावर कळलं. दहा बाय बाराच्या खोलीत आम्ही नऊ जण, त्यात दोन गावाकडचे. संडास मजल्याच्या टोकाला, सकाळी डबा घेऊन रांग. ज्यांना चाळ "जिवंत संस्कृती" वाटते त्यांनी एक जुलै महिना तिथे काढावा. मला टॉवरमधला माझा संडास प्रिय आहे, आणि त्याबद्दल मला अजिबात लाज वाटत नाही.

चाळीची_पोर

साडेतीन, तुम्ही म्हणता तेच सुरू करायला आले होते. :) पण थांबा, भांडायला नाही आले. तुमच्या बाबांसारखेच माझे आजोबा, फक्त खातं साच्याचं. संडासाबद्दल दोनशे टक्के सहमत.

मला एवढंच सांगायचंय की लालबाग-परळला कला बाहेरून आणून लावावी लागली नव्हती. अण्णाभाऊ साठे, अमर शेख, गवाणकरांचं लाल बावटा कलापथक याच वस्त्यांतून फिरलं. नारायण सुर्वे स्वतः गिरणीत राबले. हनुमान थिएटरात तमाशे व्हायचे. दामोदर हॉलला कामगारांची नाटकं. कोकणातले लोक दशावतार, नमन, शक्ती-तुरा घेऊन आले. घाटावरचे लेझीम, पोवाडे. हे कोणी "कला जिल्हा" जाहीर करून झालेलं नव्हतं. पाळी सुटली की माणसं एकत्र बसायची, आणि बसायला जागा होती.

जागा म्हणजे काय ते सांगते. आमच्या चाळीला मधे चौक, आणि तळमजल्यावर 'गाळा', म्हणजे एकाच गावच्या पुरुषांची खोली. पंचवीस-तीस जण पाळीपाळीने झोपणारे, खानावळीत जेवणारे. गुरुवारी रात्री त्या गाळ्यात वळकट्या भिंतीला सारायच्या आणि भजनाची तालीम. आजोबा पखवाज वाजवायचे. काळी शाई असलेल्या पुडीला काही करत नसत, दुसऱ्या पुडीला कणीक लावायचे, आणि ती कणीक आजी आधीच मळून वाटीत झाकून ठेवायची. तालीम संपल्यावर ती खरवडून माझ्या हातात द्यायचे, मी तिची चिमणी करायची. पेटी, दोन झांजा, एक चकी, आणि कोरसला अख्खा मजला. मे महिन्यात चौकात डबलबारी. दोन बुवा समोरासमोर, गजर चढत जायचा, आणि एकाने दुसऱ्याला गाण्यातून कोडं घातलं की गॅलरीतल्या बायकांपासून पानवाल्यापर्यंत सगळे गप्प. उत्तर येईस्तोवर कोणी खोकायचंसुद्धा नाही. (साडेतीन, तुमचे बाबाही त्या क्षणी थांबले असते बघा.)

आमची चाळ उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी सरकारला उपकर भरणारी जुनी इमारत. विकास नियमावलीच्या कलम ३३(७) खाली पुनर्विकास झाला. तीनशे चौरस फूट मिळाले, स्वतःचा संडास, लिफ्ट. कोणी हाकललं नाही, एफएसआय आजोबा म्हणतात तसं कागदावर सगळं चोख. पण पहिल्या पाच वर्षांत निम्मे लोक खोली विकून बदलापूर-विरारला गेले. मेंटेनन्स परवडेना. आणि चौक गेला. त्याच्या जागी सहा मजली पार्किंग, वर पोडियम. पोडियमवर सोसायटीचा नियम: वाद्य वाजवू नये. बिल्डरने विकायला बांधलेल्या इमारतीतल्या लोकांना त्रास होतो.

गंमत बघा, त्याच इमारतीच्या प्रवेशदालनात बिल्डरने एक मोठं भित्तिचित्र लावलंय. त्यात चिमण्या आहेत, भोंगा आहे, आणि एक म्हातारा पखवाज वाजवतोय.

गल्लीबोळ

ताई, शेवटच्या ओळीवर पाच मिनिटं थांबलो.

नाखवा

आमची सावली, तुमचा चौक. एकच गोष्ट.

साडेतीन

माझा राग चाळीवर होता, चौकावर नव्हता. हे आजवर वेगळं करून बघितलं नव्हतं.

पण मग उपाय काय? चौक परत येणार नाही. गिरणी कामगारांना म्हाडाच्या सोडतीत घरं मिळाली तीही २०१२ नंतर, सव्वादोनशे चौरस फुटांची आणि सगळ्यांना नाहीच. जिथे घराचंच हे, तिथे तालमीच्या जागेला कोण विचारणार?

एफएसआय_आजोबा

विचारायला हवं, आणि नेमक्या कलमात विचारायला हवं. पुनर्विकासाच्या नकाशात व्यायामशाळा, सोसायटीचं ऑफिस, फिटनेस सेंटर यांना एफएसआयमधून सूट मिळते. म्हणून प्रत्येक टॉवरमध्ये ट्रेडमिल दिसते, त्यावर टॉवेल वाळत असतात. तीच सूट "रहिवाशांचं तालीम दालन", आवाज न जाणाऱ्या भिंतींसह, अशी मागता येईल. करारनाम्यात सही करायच्या आधी. रहिवाशांची संमती पूर्वी सत्तर टक्के लागायची, आता एकावन्न टक्क्यांवर आली आहे, त्यामुळे ज्यांना हे हवंय त्यांनी पहिल्या सभेतच बोलायचं, चाव्या घेताना नाही.

दुसरं, पालिकेच्या शाळा. संध्याकाळी सहानंतर अख्ख्या इमारती कुलपात.

ताकभात

शाळेचा अनुभव आहे. नाटकासाठी एक वर्ग मागितला होता (कुठे ते सांगत नाही). अर्ज, अनामत, ना हरकत, शिपायाचा जादा भत्ता, आणि शेवटी "बाकं हलवायची नाहीत" ही अट. आम्ही बाकांवर उभं राहून तालीम केली. नाटक बोटीवरचं होतं म्हणून निभावलं.

दूरदेशी

काळाचौकीच्या इंडिया युनायटेड मिलमध्ये वस्त्रोद्योग संग्रहालय होणार होतं ना? पंधरा वर्षांपूर्वी मुंबईत होतो तेव्हापासून ऐकतोय. तिथे तरी यंत्रांच्या शेजारी एक खोली गाळ्यासारखी मोकळी ठेवा म्हणावं.

रंगारी_बदक

त्यात पेंटिंगचं काम निघालं तर मला कळवा. वॉटरप्रूफिंगसकट.

चाळीची_पोर, एक विचारायचं राहिलं. तुमचं मंडळ बंद पडलं का मग?

चाळीची_पोर

नाही पडलं. काका बुवा आहेत आता. विरारचे तिघे, बदलापूरचे दोघे, कळव्याचा एक, गुरुवारऐवजी शनिवारी येतात. तालीम पार्किंगच्या दुसऱ्या मजल्यावर होते, लिफ्टच्या मागे, जिथे दोन गाड्यांची जागा अजून विकली गेलेली नाही. छत बुटकं, त्यामुळे पखवाज घुमतो आणि झांजा कानठळ्या बसवतात, म्हणून झांजांना रुमाल बांधतात. वॉचमन बिहारचा आहे. त्याला दहा वाजता बंद करायला सांगण्याची ऑर्डर आहे, तो पावणेदहाला येऊन खांबाला टेकून बसतो आणि दहा दहाला सांगतो.

कणीक आता मी मळून नेते.